नुसत्या हिरव्या मिरचीची बटाट्याची भाजी मिळमिळीत का होते?

रविवारचा_आचारी: लाल तिखट अजिबात न घालता झणझणीत बटाट्याची भाजी करायची आहे. चार उकडलेल्या बटाट्यांना सहा मिरच्या घेतो. मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, मग मिरचीचे तुकडे, हळद आणि फोडी. भाजी फिकी लागते, पण मिरची दाताखाली आली की ठसका! मिरच्यांच्या बिया काढतो, त्याने फरक पडतो का?

खलबत्तेवाली: बियांचा संबंध नाही. तिखटपणा असतो तो बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या शिरेत, आणि बिया खरवडताना नेमकी तीच निघून जाते. राहू दे सगळं. पण खरी गोची तुकड्यांची आहे. अख्ख्या तुकड्याच्या आतलं तिखट आतच राहतं. मिरच्या, लसणाच्या पाच-सहा पाकळ्या, जिरं आणि जाडं मीठ खलबत्त्यात ओबडधोबड ठेचा. मिक्सरमध्ये पाणी घालून वाटलेली पेस्ट मला चालत नाही, ती तेलात परतण्याऐवजी शिजते. तिखट उतरतं तेलात, पाण्यात जेमतेम. म्हणून तेलाला हात आखडू नका. मोहरी तडतडली की गॅस बारीक करून ठेचा टाका, कच्चा वास जाईपर्यंत परता, मग हळद. खिडकी उघडी ठेवा, नाहीतर घरभर खोकला.

बटाटे सुरीने कापू नका, हाताने फोडा. खडबडीत कडांना मसाला धरतो, गुळगुळीत फोडीवरून घसरतो. झाकण ठेवून एक वाफ आणा, मग झाकण काढून तळाला खरपूस लागू द्या. ती खरवड माझ्या ताटात कोणी सोडत नाही, हा भाग वेगळा.

भाजीबाजार: मिरची कुठली घेता? पोपटी, जाड, लांब असेल तर दहा घातल्या तरी भागणार नाही. बारीक, गडद हिरवी लवंगी घ्या, पण मग सहा नको, तीनपासून सुरुवात करा.

रविवारचा_आचारी: पोपटीच होती! लिंबू कधी पिळायचं? आणि कच्च्या काचऱ्या केल्या तर हीच रीत?

खलबत्तेवाली: रीत हीच. लिंबू मात्र गॅस बंद केल्यावर. कच्च्या काचऱ्यांवर आधी पिळलं तर बटाटा कडक राहतो, कितीही वाफ द्या. उपासाला करणार असाल तर तूप, जिरं, मिरची आणि दाण्याचं कूट, हळद-मोहरी-लसूण वगळा.