मदत हवी आहे: एम्बेडेड (यंत्रात बसवलेल्या छोट्या चिपचं सर्किट आणि कोड) इंटर्नशिपसाठी कुठे विचारू?

नमस्कार दादा-ताई. मी इचलकरंजीचा, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकॉमच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घरी चार साधे यंत्रमाग. माग किती वेळ बंद राहिला हे बाबा अंदाजानेच सांगायचे, म्हणून मी क्रँक शाफ्टवर छोटं चुंबक बसवलं, समोर चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर आणि मोजणी करायला ईएसपी३२ ही प्रोग्राम करता येणारी छोटी चिप. शाफ्टची एक फेरी म्हणजे धोट्याची एक फेक, तेवढं मोजायचं. पण शेजारची मोटर सुरू झाली की आकडा आपोआप वाढायचा. मोटरचा विद्युत गोंगाट अडवणारी शील्डेड वायर टाकली आणि कोडमध्ये १०० मिलिसेकंदांच्या आत आलेला सेन्सरचा दुसरा पल्स (सिग्नल) सोडून दिला, तेव्हा कुठे मोजणी जुळली. ते तीन आठवडे मला वर्गापेक्षा जास्त शिकवून गेले.

आता उन्हाळ्यात दोन महिने एम्बेडेडचं खरं काम करायचंय. शिरोली, गोकुळ शिरगाव, भोसरी, चाकण, कुठेही येईन. बऱ्याच ठिकाणी मेल केले, उत्तर नाही.

छोट्या कंपन्यांत थेट जाऊन भेटलेलं चालतं का? आधी एसटीएम३२ (ईएसपी३२सारखीच दुसरी चिप) शिकू की कॅन बस (गाडीतले कंट्रोलर एकमेकांशी बोलतात ती पद्धत)? आणि रेझ्युमेत मागाचा प्रोजेक्ट सगळ्यात वर ठेवू का? माझं मन तरी तेच म्हणतंय.