प्रकाश हेच शिल्प
प्रकाशाला वजन नाही, मग त्याला शिल्प कसे म्हणायचे, ही शंका रास्त आहे. पण मानसशास्त्र शिकलेले अमेरिकी कलावंत जेम्स टरेल यांनी १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका येथील एका जुन्या हॉटेलच्या खिडक्या बंद केल्या आणि प्रोजेक्टरचा झोत भिंतींच्या कोपऱ्यात असा टाकला, की तेथे पांढरा ठोकळाच तरंगताना दिसावा. पुढे छताला चौकोन पाडून, त्याच्या कडा पात्यासारख्या पातळ करून, त्यांनी आकाशच छताला ताणून बसवले. ॲरिझोनातील ज्वालामुखीचे विवरच आकाश आणि प्रकाश पाहण्याची जागा बनवण्याचे त्यांचे काम तर १९७०च्या दशकापासून चालू आहे. वाईला आमच्या वाड्याच्या माजघरात कौलांतल्या काचेतून उतरणारा, धूलिकणांनी भरलेला दुपारचा कवडसा मी लहानपणी मुठीत धरू पाहत असे, इतका तो मला भरीव वाटे.