हनोईतल्या गल्लीतला तो फो पुण्यात घरी कसा जमेल?

मुठाकाठ:
मंडळी, मागच्या महिन्यात आम्ही दोघं व्हिएतनाममध्ये हनोईला जाऊन आलो आणि एक चव डोक्यातून जातच नाहीये. तिसऱ्या दिवशी हॉटेलचा नाश्ता सोडून ओल्ड क्वार्टरमध्ये नुसतेच फिरत होतो, तर एका गल्लीच्या तोंडाशी मी वासानेच थांबले, कारण तो आईच्या गोड्या मसाल्याच्या भाजणीचा वास होता, चक्रीफूल, दालचिनी, लवंग! फुटपाथवर वीतभर उंचीची प्लास्टिकची स्टुलं, मेन्यूत एकच पदार्थ, फो गा, म्हणजे चिकनच्या रश्श्यात तांदळाच्या नूडल्स. काकू लांब दांड्याच्या गाळणीत नूडल्स घेऊन उकळत्या पाण्यात दोनदा बुचकळायच्या, खाडकन झटकून बाऊलमध्ये, वर चिकन, कांद्याची पात, कोथिंबीर आणि मग रस्सा, इतका नितळ की तळातल्या नूडल्स दिसत होत्या. शेजारी लसूण मुरवलेलं व्हिनेगर. उरलेले चारही दिवस सकाळी तिथेच गेलो.
घरी दोनदा केला, रस्सा गढूळ होतो आणि गरम मसाला घातल्यासारखा उग्र लागतो. काय चुकतंय? आणि सासूबाई शाकाहारी आहेत, त्यांच्यासाठी काय करू?

कर्वेनगरकर:
ताई, मी कामानिमित्त हनोईत राहिलोय. मसाला पूड करून घालताय का? तसं असेल तर तिथेच चुकतंय. खडाच घ्या, कोरडा भाजा, फडक्यात पुरचुंडी बांधा आणि शेवटच्या अर्ध्या तासातच सोडा. तीन लिटरला दोन चक्रीफुलं, बोटभर दालचिनी, दोन लवंगा, चमचाभर धणे, बास. कांदा आणि आलं मात्र वांग्यासारखं गॅसवर काळं होईपर्यंत भाजायचं, साल खरवडून टाकायची, खरी चव तिथे आहे.
नितळपणासाठी चिकन आधी पाच मिनिटं उकळून ते पाणी फेकून द्या, मग नवीन पाण्यात एकदम मंद आचेवर ठेवा, रटरटू द्यायचंच नाही, वर येणारा फेस काढत राहा. कुकर नको. मांस शिजलं की काढून घ्या आणि हाडं परत टाका.

मंडईवाली:
सासूबाईंसाठी एक सांगते, फिश सॉस अजिबात नको, तो माशांचाच असतो, बाहेर नुसतं 'व्हेज' म्हणून चालत नाही. तिकडे शाकाहारीला 'चाय' म्हणतात, तिथले बरेच बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तेच खातात, आपल्या एकादशीसारखं. रश्श्याला पांढरा मुळा, गाजर, मक्याची कणसं आणि सुके शिताके मशरूम, मिठाच्या जागी सोया सॉस. मुळा आणि मक्यामुळे गोडी छान उतरते.

कर्वेनगरकर:
आणि नूडल्स तांदळाच्या चपट्याच घ्या, अर्धा तास कोमट पाण्यात भिजवून ऐनवेळी काही सेकंद उकळत्या पाण्यात, नाहीतर लगदा होतो. होइसिन नावाचा घट्ट गोडसर सॉस, मोड आलेले मूग वगैरे दक्षिणेतल्या सायगॉनकडची पद्धत, व्हिएतनामच्या १९५४ च्या फाळणीनंतर उत्तरेतले लाखो लोक दक्षिणेत गेले, फो त्यांच्याबरोबर तिकडे पसरला आणि तिथे बदलला. तुम्ही खाल्लात तो हनोईचा, साधाच ठेवा.

मुठाकाठ:
दादा, पूडच घालत होते! काल दोन पातेल्यांत दोन्ही केले. रस्सा नितळ झाला आणि पुरचुंडी सोडल्यावर घरभर अगदी तोच वास. सासूबाईंनी मुळ्याचा रस्सा दोनदा मागून घेतला, रविवारी परत करायला सांगितलाय.