हेअर अल्गी गेली, आता तपकिरी शेंबूड आलाय आणि कोरल मिटलेत, काय करू?

निळं_पाणी:
नमस्कार मंडळी. २२० लिटरचा खाऱ्या पाण्याचा, कोरलवाला टँक, चालू करून ९ महिने झाले. आत दोन क्लाउनफिश, एक गोबी, आणि कोरलमध्ये थोडे झोआ, एक हॅमर, एक माँटी आणि हौसेला म्हणून अ‍ॅक्रोचे दोन तुकडे. चौथ्या महिन्यापासून दगडांवर हिरवी हेअर अल्गी (केसांसारखं शेवाळ) जी सुरू झाली ती काही केल्या थांबेना, दर रविवारी टूथब्रश घेऊन घासत बसायचो आणि पुढच्या रविवारी पुन्हा जंगल. गंमत म्हणजे तेव्हासुद्धा टेस्टमध्ये फॉस्फेट, म्हणजे अल्गीचं खाद्य, ०.०२ च यायचं. शेवटी वैतागून रिअ‍ॅक्टरमध्ये जीएफओ (पाण्यातलं फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे) भरलं, पाकिटावर लिहिलंय तेवढं पूर्ण, आणि माशांना खाणं दिवसाआड केलं. तीन आठवड्यांत सगळं हिरवं गळून गेलं, मी खूश.

मग दहाच दिवसांत वाळूवर आणि दगडांवर तपकिरी, चिकट, शेंबडासारखं काहीतरी यायला लागलं, त्याच्या धाग्यांत हवेचे बुडबुडे अडकलेले असतात. सकाळी कमी दिसतं, संध्याकाळपर्यंत सगळीकडे. झोआ मिटलेत, हॅमर आक्रसून गेलाय, अ‍ॅक्रोची टोकं पांढरी पडलीत. दोन टर्बो गोगलगाई पण मेल्या.

रीडिंग: सॅलिनिटी १.०२६, तापमान २५.५, केएच (अल्कलिनिटी) ११.२, कॅल्शियम ४४०, मॅग्नेशियम १३५०, नायट्रेट ०, फॉस्फेट ०.००. म्हणजे पाणी तर एकदम स्वच्छ आहे ना? मग लाइट जास्त होतोय का?

रीफवाला_बंड्या:
भावा हे सायनो (सायनोबॅक्टेरिया) वाटतंय, माझ्याकडे पण झालेलं. आठवड्याला ३० टक्के पाणी बदल, वाळू सायफनने ओढून घे, खाणं अजून कमी कर आणि तीन दिवस टँक झाकून पूर्ण अंधार. जाईल.

मीठमोहरी:
बंड्या, खाणं अजून कमी? त्या टँकमध्ये खायला उरलंय काय, आधीच उपाशी मारलाय त्याने :)

निळं_पाणी, मला हे डायनो वाटतायत, डायनोफ्लॅजेलेट्स, एकपेशीय जीव. सायनो बहुतेक वेळा लालसर किंवा जांभळट, चादरीसारखं पसरतं आणि धरून ओढलं की पापुद्रा निघतो. तुमचे धागे, बुडबुडे, रात्रीत कमी होणं आणि मेलेल्या गोगलगाई, सगळं डायनोकडे बोट दाखवतंय. खात्री करायची तर थोडा शेंबूड टँकच्या पाण्यासकट बाटलीत घ्या, जोरात हलवा, कॉफी फिल्टरमधून गाळा आणि गाळून खाली आलेलं पाणी तासभर लाइटखाली ठेवा. त्यात परत धागे जमले तर डायनो. मायक्रोस्कोप मिळाला तर फारच छान, कारण कुठली जात आहे त्यावर पुढचं ठरतं.

आता तुमचा मुख्य घोटाळा. नायट्रेट शून्य आणि फॉस्फेट शून्य म्हणजे स्वच्छ नाही हो, उपासमार आहे. कोरलच्या आत राहून त्याला अन्न पुरवणाऱ्या सूक्ष्म शेवाळाला, झूझँथेलीला सुद्धा थोडं नायट्रेट-फॉस्फेट लागतंच. आणि दगडावर जागेसाठी कायम मारामारी चालू असते, हिरवं शेवाळ, बॅक्टेरिया, डायनो सगळे त्यात. तुम्ही बाकीच्यांचं अन्न एका झटक्यात काढून घेतलंत आणि मैदान डायनोला मोकळं करून दिलंत. पहिल्यांदा ०.०२ यायचं ते पण फसवं होतं, दगड फॉस्फेट धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो, आणि सुटलेलं अल्गी तिथल्या तिथे खाऊन टाकते, टेस्टपर्यंत पोचतंच कुठे.

आजच जीएफओ बंद. पाणी बदलणं सध्या थांबवा, डायनो असताना ताज्या पाण्याने ते उलट जोर धरतात असा बऱ्याच जणांचा अनुभव आहे, माझा पण. माशांना रोज खायला द्या. तरी आकडे उठले नाहीत तर सोडियम नायट्रेट आणि फॉस्फेटचं द्रावण थोडं थोडं घाला. नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०५ ते ०.१ च्या आसपास, आणि रोज टेस्ट, कारण सुरुवातीला दगडच फॉस्फेट गिळतो, आज घातलेलं उद्या परत शून्य दिसेल, घाबरून एकदम ओतू नका. फिल्टरमधला अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन चालू ठेवा, तो विष शोषतो. यातल्या काही जाती विषारी असतात, म्हणून तर गोगलगाई मेल्या. हातमोजे घाला आणि सायफन तोंडाने ओढू नका, प्लीज.

निळं_पाणी:
ताई, बाटलीचा प्रयोग केला. ४० मिनिटांतच धागे परत जमले, बघून अंगावर काटा आला. जीएफओ काढलं. मायक्रोस्कोप उसना मिळाला, थेंबाच्या आकाराचे आहेत, एका टोकाला निमुळते आणि जागच्या जागी दोरी बांधल्यासारखे गोल फिरतात.

मीठमोहरी:
मग डायनोमधली ऑस्ट्रिऑप्सिस जात असणार. त्यातल्या त्यात नशीब चांगलं, हे रात्री वाळू सोडून पाण्यात येतात म्हणून यूव्ही स्टेरिलायझर (आतून जाणाऱ्या पाण्यातले जीव अतिनील प्रकाशाने मारणारं यंत्र) उपयोगी पडतो. पाणी थेट टँकमधून घेऊन थेट टँकमध्ये सोडा, संपमध्ये (खालच्या फिल्टरच्या टाकीत) लावू नका. वाळूतच दडून बसणारे अँफिडिनियम जातीचे डायनो असते तर यूव्हीचा काही फायदा नव्हता.

खारट_काका:
मीठमोहरीने सगळं सांगितलंच आहे, मी फक्त केएचबद्दल बोलतो, कारण त्याकडे कोणी बघितलं नाही. बाळा, ११.२ केएच आणि शून्य न्यूट्रियंट (नायट्रेट-फॉस्फेट) ही जोडी अ‍ॅक्रोला मारते. केएच जास्त असला की सांगाडा भराभर वाढायला बघतो, पण वरच्या मांसाला खायलाच नाही, मग टोकं उघडी पडतात, जळल्यासारखी. लाइटचा दोष नाही. समुद्रात केएच ७ च्या आसपास असतो. तू केएच वाढवायला काही घालत असशील तर ते थांबव, आपोआप उतरू दे, ८ ला आला की तिथे धरून ठेव. आम्ल वगैरे घालून खाली ओढत बसू नकोस.

हॅमरवर लक्ष ठेव. नुसता आक्रसलाय तर ठीक, पण डोक्यावर तपकिरी जेलीसारखं काही दिसलं आणि घाण वास आला तर ते डायनो नाही, ब्राउन जेली नावाचा कोरलचा रोग आहे. ते डोकं त्याच दिवशी तोडून बाहेर काढ, नाहीतर शेजारचं पण जातं.

आणि रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) कशाने कॅलिब्रेट करतोस? आरओच्या पाण्याने शून्यावर आणत असशील तर ३५ पीपीटीचं (समुद्राइतकं खारट) द्रावण घेऊन एकदा बघ. मी दोन वर्षं १.०२५ समजून १.०२९ वर टँक चालवला होता. बायको अजून काढते तो विषय.

निळं_पाणी:
सहा आठवडे झाले, उशिरा लिहितोय. रिफ्रॅक्टोमीटर बरोबर निघाला. फॉस्फेट पहिले बारा दिवस शून्यावरून हललंच नाही, रोज घालतोय आणि रोज गायब, मग एकदम ०.०६ वर आलं. यूव्ही २४ तास चालू. डायनो चौथ्या आठवड्यात विरळ झाले, आता फक्त एका कोपऱ्यात थोडे दिसतात. केएच ८.१. झोआ उघडले, हॅमर निम्मा उघडतो. अ‍ॅक्रोचा एक तुकडा गेला, दुसऱ्याची टोकं परत रंग धरतायत.

एकच, दगडांवर पुन्हा हिरवी हेअर अल्गी दिसायला लागलीये. गेलेल्या अ‍ॅक्रोच्या सांगाड्यावर पण. घासू का?

मीठमोहरी:
ब्रशने नको, तुकडे सगळीकडे उडतात. लांब झालेली बोटांनी उपटून बाहेर काढा, बाकीची राहू द्या. डायनो पूर्ण गेले की टर्बो आणा दोन-तीन.

खारट_काका:
आणि जीएफओचा डबा कपाटात वरच्या फळीवर ठेव.