विणकामाचा ग्रुप हवाय? मग लोकरीच्या दुकानात विचारा

सुईदोरा

“आमच्या भागात क्रोशाचा ग्रुप आहे का हो?” हा प्रश्न हल्ली रोज कुठे ना कुठे वाचायला मिळतो. खाली धपाधप लिंका पडतात आणि विचारणारी त्या सगळ्या ग्रुपांत शिरते. मग दिवसभर दुसऱ्यांच्या शाली, दुसऱ्यांच्या बाहुल्या, ‘अप्रतिम ताई’, ‘पॅटर्न मिळेल का’, आणि मध्येच कुणाचं तरी ‘किट उपलब्ध, मेसेज करा’. महिना उलटतो, हिची लोकर आहे तशी पिशवीत.

स्पष्टच लिहिते. ज्या दुकानातून लोकर घेता तिथल्या माणसाला विचारा. त्याला गिऱ्हाइकांची कुंडली पाठ असते. लॉट नंबर (एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक) बघून एकाच रंगाच्या दहा गुंड्या कोण नेतं, शिकवण्या कोण घेतं, कुणाच्या घरी दुपारी चारजणी विणत बसतात, सगळं. पुण्यात रविवार पेठ, तुळशीबाग. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या गल्ल्या. दुसरा पत्ता लग्नघर. ज्या रुखवतापुढे बायका थबकतात ते कुणाच्या हातचं, एवढं विचारून घ्यायचं. फोन नंबर तिथल्या तिथे मिळतो, वर लाडूही.

एवढा आग्रह का? नवशिकीचा चौकोन वर जाता जाता त्रिकोण होतो, म्हणून. ओळ संपवून वळताना घातलेल्या तीन साखळ्या म्हणजे एक खांबच (उभा टाका) असतो. परतीच्या ओळीत शेवटी त्याच्या डोक्यावर खांब घालायचा राहून जातो आणि दर ओळीला एक टाका गळतो. व्हिडिओ कितीदा का बघेना, तिला हे दिसत नाही, कारण व्हिडिओत विणणारीचा चौकोन असतो, हिचा नसतो. शेजारी बसलेली बाई बोट ठेवते, “हा बघ, हा सोडलास.” मिटला प्रश्न.

ठरलेला वार, ठरलेली जागा आणि आपल्या हाताकडे बघणारं कुणीतरी, याला मी ग्रुप म्हणते. फोनमधलं ते प्रेक्षागृह.

तालुक्याचा_माणूस

ताई, तुळशीबाग पुण्यात आहे. आमच्याकडे लोकर येते ती थंडीत, जनरल स्टोअरमध्ये, बाळाच्या टोपड्यापुरती. पांढरी, गुलाबी, आकाशी, संपलं. क्रोशाची सुई मागितली तर दुकानदार शिवणाच्या सुयांचं पाकीट पुढे करतो. त्याला कुणाची कुंडली विचारू?

आमच्या हिने जे शिकलं ते फोनवरच. आणि तिचा चौकोन चौकोनच आहे बरं का. ग्रुपात फोटो टाकला होता, नाशिकच्या एका बाईंनी सुटलेल्या टाक्याभोवती लाल गोल करून परत पाठवला. बोट ठेवायचं तर असंही ठेवता येतं.

आणि प्रेक्षागृह म्हणता? ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ हा फेसबुकवर जमलेला बायकांचा गट. त्यांनी 2016 च्या जानेवारीत चेन्नईत क्रोशाचं जगातलं सगळ्यात मोठं ब्लँकेट जोडलं. 11,148.5 चौरस मीटर, गिनीजमध्ये नोंद आहे. ठिकठिकाणच्या बायकांनी आपापल्या घरी मीटरभराचे चौकोन विणून धाडले. विक्रम झाल्यावर ते गरजूंना पांघरुणं म्हणून वाटले. यातल्या किती जणींनी एकमेकींची तोंडं आधी पाहिली असतील?

सुईदोरा

@तालुक्याचा_माणूस, लाल गोल एकदम मान्य. ज्या ग्रुपात असं करणारी एक जरी बाई असेल तो ग्रुप सोडू नये. माझा राग ‘अप्रतिम ताई’वर आहे. ते म्हणणाऱ्या बाईने फोटो मोठा करूनसुद्धा पाहिलेला नसतो. बाकी ब्लँकेटचं म्हणाल, तर चौकोन घरोघरी विणले तरी जोडायला चेन्नईत एका जागी यावंच लागलं ना?

तिरका_चष्मा

तुमच्या त्या दुपारच्या चारजणींत मी कुठे बसू, तेवढं सांगा. मी पुरुष आहे, नोकरी करतो, विणतो. लोकरीच्या दुकानात गेलो की पहिला प्रश्न, “मिसेसना कुठला रंग हवाय?” सोसायटीतल्या विणकाम भिशीत विचारलं तर “अहो, आम्ही काय नुसत्या गप्पा मारतो” असं म्हणून विषयच संपवला. फोनवरच्या ग्रुपात मी फक्त एक नाव आणि एक विणलेला तुकडा असतो, कुणी वर-खाली बघत नाही. तुम्ही म्हणता ती ओळखीपाळखीची वाट ज्यांच्या ओळखी आहेत त्यांच्यासाठी. नव्या शहरात आलेली मुलगी, नोकरदार, पुरुष, यांना ती बंदच.

पेन_शाई

@तिरका_चष्मा, विणकाम सोडून स्केचिंगला या 🙂 थट्टा बाजूला, पण अर्बन स्केचर्सची पद्धत बघण्यासारखी आहे. सिएटलच्या एका वर्तमानपत्रात चित्रं काढणाऱ्या गॅब्रिएल कॅम्पानारिओने 2007 मध्ये फ्लिकर या फोटोंच्या साइटवर एक गट काढला, 2009 मध्ये त्याची संस्था झाली. मुंबई-पुण्यातही शाखा आहेत. सुट्टीच्या सकाळी एखादं ठिकाण जाहीर होतं, ज्याला यायचंय तो वही घेऊन येतो. फी नाही, मास्तर नाही, परीक्षा नाही. प्रत्यक्ष जागेवर बसून काढायचं हा मुख्य नियम, फोटोवरून चालत नाही. शेवटी सगळ्या वह्या जमिनीवर ओळीने मांडतात आणि सगळे वाकून बघतात. पहिल्यांदा आपली वही तिथे ठेवताना हात जड होतो. पण शेजारी तितकंच वाकडं देऊळ कुणीतरी काढलेलं असतंच.

कुठे जमायचं ते इंटरनेटवर कळतं आणि चित्र पायरीवर बसून काढायचं असतं. वर चालू असलेल्या भांडणात त्यामुळे मला काही दमच दिसत नाही.

गोधडीवाली

चित्रकारांचं बरं आहे हो, त्यांना पायरी पुरते. गोधडीला जमीन लागते. खाली अख्खं लुगडं अंथरायचं, त्यावर जुन्या कपड्यांचे थर, वर दुसरं लुगडं, चारी बाजूंनी ताणून आधी मोठे टाके मारून घ्यायचे, नाहीतर आतला थर गोळा होतो. मग कडेने धावदोरा घालत मध्याकडे सरकायचं. दोघी-तिघी समोरासमोर बसल्या तर काम उरकतं. एवढी मोकळी फरशी शहरातल्या कुठल्या फ्लॅटमध्ये आहे? पूर्वी वाड्याची ओसरी होती, देवळाचा सभामंडप होता. माणसं फोनवर ढिगाने सापडतात. त्यांना बसवायचं कुठे, यावर बोला.

न्यूजर्सीची_मावशी

जागेवरून लिहिते. इथे अमेरिकेत गावोगावच्या पब्लिक लायब्ररीत विणकामाचं टेबल असतं. वार आणि वेळ बाहेर फळ्यावर लिहिलेली. पैसे नाहीत. मी आले तेव्हा कुणाला ओळखत नव्हते, सुया घेतल्या आणि जाऊन बसले. आमच्या टेबलावर एक निवृत्त ट्रक ड्रायव्हर मोजे विणतो, त्याला कुणी “मिसेससाठी का” विचारत नाही, तिरका_चष्मांनी नोंद घ्यावी. पॅटर्न शोधायला रॅव्हलरी ही वेबसाइट आहे, 2007 पासून. तिथे एकेका नमुन्याखाली तो विणलेल्यांनी ‘बाही लांब होते, आठ ओळी कमी घ्या’ असं लिहून ठेवलेलं असतं. पॅटर्न तिथून घेते, टाका अडला की टेबलावर.

महाराष्ट्रात तर 1967 पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, गावोगाव अनुदानावर चालणारी वाचनालयं आहेत. दुपारी तिथे पेपर वाचणारे चार आजोबा आणि पंख्याचा आवाज. एक टेबल द्यायला काय हरकत आहे?

हिशेबनीस

@मावशी, हरकत कार्यकारिणीची असते. आमच्या गावच्या वाचनालयात आम्ही रीतसर अर्ज दिला होता. उत्तर आलं, सभागृह भाड्याने मिळेल, साडीच्या सेलला जो दर तोच.

पण मला मूळ लेखातल्या एका वाक्यावर बोलायचंय. ‘किट उपलब्ध’ म्हणणाऱ्या बाईला तुम्ही सगळ्यांनी मिळून हसलात. का? आंध्रातल्या नरसापूरला बायका पिढ्यानपिढ्या क्रोशाची लेस विणतात आणि ती परदेशात जाते. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी त्यांचा अभ्यास केला, तो 1982 साली पुस्तकरूपाने आला. त्यांना दिसलं ते असं: या बायका गृहिणी आहेत, रिकाम्या वेळात विणतात, असं एकदा ठरवून टाकलं की नगामागे कितीही कमी दिलं तरी चालतं. दिवसचे दिवस विणायचं आणि नाव मात्र ‘फावला वेळ’. आपले ‘हौशी’, ‘फुकट’, ‘प्रेमाने शिकवणाऱ्या काकू’ हे शब्द त्याच वाटेने जातात.

पंतप्रधान विश्वकर्मा योजना सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झाली. तिच्या 18 व्यवसायांत शिंपी आहेत, कुंभार आहेत, टोपल्या विणणारे, बाहुल्या-खेळणी करणारे आहेत. क्रोशा, भरतकाम नावानिशी नाही. त्यांच्यासाठी हस्तशिल्प विकास आयुक्तांचं कारागीर ओळखपत्र आहे, त्याची चौकशी करा. ‘माविम’ (महिला आर्थिक विकास महामंडळ) 1975 पासून आहे, बचत गटांसाठी राज्याचं ‘उमेद’ अभियान आहे, ‘महालक्ष्मी सरस’ प्रदर्शनात बचत गटांना स्टॉल मिळतात. माझ्या लेखी गट म्हणजे हा. बाकी विरंगुळा.

सुईदोरा

@हिशेबनीस, विकणाऱ्या बाईला हसत नाही. शिकण्याच्या जागी दुकान मांडण्याला हसते. गटात धंदा शिरला की काय होतं ते जवळून पाहिलंय. पन्नास तोरणांची ऑर्डर असते, माणसं सहा. अशा वेळी नवशिकीचा त्रिकोण उसवून दाखवायला कुणाला वेळ आहे? तिला देतात मणी ओवायला, आणि वर्षभराने ती मणीच ओवत असते. ऑर्डरचा गट वेगळा बसू दे, शिकण्याचा वेगळा. बायका त्याच असल्या तरी चालेल, वार वेगळा ठेवा.

किनारपट्टी

सगळे लोकर आणि वही घेऊन बसलात. कला ज्यांच्याकडे पिढीजात आहे त्यांच्याकडे का जात नाही कुणी? सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवायचे खेळाचे पत्ते, रंगवणारे कारागीर समोर बसून काम करताना दिसतात. दशावतारी जोड म्हणजे 120 गोल पत्ते, एकेका पत्त्यावर नखाएवढ्या जागेत मत्स्य, कूर्म, वराह. तिथून कुडाळ काही लांब नाही, आणि कुडाळजवळ पिंगुळी. चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगणं) आणि कळसूत्री बाहुल्या जपल्याबद्दल परशुराम गंगावणे यांना 2021 ची पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या घरच्यांनी गोठ्याचं संग्रहालय केलंय.

उलट शहरात काय चालतं? ‘दोन तासांत वारली शिका, साहित्यासह’. शिकवणारी वारली नाही, शिकणाऱ्या वारली नाहीत, रंग ॲक्रिलिक. मूळचं ते लग्नचौकाचं लिखाण, तांदळाच्या पिठाने, सवाशिणींच्या हातचं. जिव्या सोमा म्हशे यांना 2011 ला पद्मश्री मिळाली, म्हणून निदान एक नाव लोकांच्या कानावर आहे. त्या वर्कशॉपच्या पैशातला एक रुपयाही डहाणू-तलासरीला पोचत नाही.

पेन_शाई

@किनारपट्टी, मग वारली कुणी शिकूच नये का? माझ्या भाचीने पणतीवर दोन त्रिकोणांची माणसं काढली तर कुणाचं काय गेलं? ‘वारली चित्रकला’ला भौगोलिक मानांकन आहे, पण ते त्या नावाने माल विकण्यापुरतं. घरच्या पणत्यांना लागू नाही.

किनारपट्टी

पणत्यांबद्दल कोण बोलतंय! भाचीला खुशाल काढू दे. मी फी घेणाऱ्यांबद्दल लिहिलं. बारा-पंधरा जणांची फी जमत असेल तर त्यात वारली पाड्यावरून एक चित्रकार बोलवायचं भाडं आणि मानधन बसतं. ग्रुप शोधणाऱ्याने आयोजकाला एवढंच विचारावं, शिकवणारं माणूस कुठलं? उत्तर द्यायला वेळ लागला की समजा.

तालुक्याचा_माणूस

मावशींचं वाचून इथल्या वाचनालयात जाऊन आलो. ग्रंथपाल म्हणाले, दुपारी दोन ते चार हॉल रिकामाच असतो, सतरंजी आपली आणा, दिवाबत्तीचं बघू. लेखी देणार नाहीत, पण बसा म्हणाले. हिचं म्हणणं, सुरुवात शुक्रवारी करू. तीन शेजारणी तयार आहेत, शिकवायला कुणी नाही. तेव्हा फोन मध्ये टेकवून नाशिकच्या त्या बाईंना व्हिडिओ कॉलवर घ्यायचा विचार आहे. सुईदोराताई, तुमच्या हिशेबात हे बसतं का?

सुईदोरा

बसतं. फोन हातांच्या वर धरता येईल असं काहीतरी करा, तोंडं दिसली नाहीत तरी चालतील. आणि पहिल्या दिवशी गडद लोकर नको. काळ्या-निळ्यात टाके दिसत नाहीत. तुमच्याकडची ती आकाशी उत्तम.

तिरका_चष्मा

शुक्रवारी दुपारी दोन. म्हणजे नोकरी करणारे पुन्हा बाहेरच.

गोधडीवाली

हॉल केवढा आहे हो? दोन लुगडी शेजारी-शेजारी अंथरता येतील?

हिशेबनीस

हॉल झाला, सतरंजी झाली, लोकरीचा रंगही ठरला. नाशिकच्या बाईंना दर शुक्रवारच्या दोन तासांचं काय द्यायचं, ते अजून कुणी लिहिलेलं नाही.