मदत हवी आहे: प्रोसेसर खाणारी प्रोसेस बंदच होत नाही

कोरांटी
सकाळपासून लॅपटॉपचा पंखा घोंघावतोय. टाइप केलेलं अक्षर उमटायला दोन-दोन सेकंद लागतात. टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये 'सिस्टीम आयडल प्रोसेस' एकटीच प्रोसेसरच्या ७० टक्क्यांच्या वर! एंड टास्क होतच नाही. हिला कायमचं कसं काढायचं? उद्या प्रबंधाचं प्रकरण द्यायचंय, लवकर सांगा.

रानवाट
विंडोज कुठलं, रॅम किती, एसएसडी आहे का? एवढं तरी लिहा हो.

जुनंखोड
रॅम वाढवा. मी ४ ची १६ जीबी केली, तेव्हापासून कटकट नाही.

रानवाट
जुनंखोड, रॅम कमी पडली तर ताण डिस्कवर दिसतो. आधी आकडे तर येऊ देत.

धुकं
आयडलला हात लावू नका, ती काही खात नाही. प्रोसेसर किती मोकळा आहे तेवढंच ती दाखवते. तिच्या खाली कोण आहे ते बघा.

कोरांटी
विंडोज १०, ८ जीबी, एसएसडी. मोकळा आहे तर मग अडकतोय का? खाली 'स्पूलएसव्ही' आहे, सतत २५. पण २५ म्हणजे काही फार नाही ना?

धुकं
टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये लॉजिकल प्रोसेसर, म्हणजे विंडोज प्रोसेसरचे जेवढे भाग मोजतं ते, किती दिसतात? ४ असतील तर २५ म्हणजे त्यातला एक अख्खा तिने धरून ठेवलाय. ही छपाईची रांग सांभाळणारी प्रिंट स्पूलर. काही छापायला दिलं होतं का?

सांजसावली
मी लिनक्सवर असल्या प्रोसेसला रीनाइस करून, म्हणजे तिचा अग्रक्रम बदलून, १९ वर नेते, सगळ्यात खालचा अग्रक्रम. विंडोजमध्येही प्रायॉरिटी लो करता येते.

रानवाट
त्याने ती थांबत नाही. दुसऱ्या कुणाला प्रोसेसर नको असेल तर १९ वालीही पूर्ण कोर खाते. पंखा तसाच राहणार.

सांजसावली
पण निदान बाकीच्या कामांना आधी वाट मिळते. त्यांना आज लिहायचंय.

कोरांटी
४ च आहेत. सोमवारी १४० पानं छापायला दिली होती, मध्येच अडकली म्हणून प्रिंटरची केबल काढली. त्याचा इथे काय संबंध?

धुकं
तेच काम रांगेत लटकलंय. आधी प्रबंध सेव्ह करा. सर्व्हिसेस उघडून प्रिंट स्पूलर स्टॉप करा. मग सी ड्राइव्हवर विंडोज, त्यात सिस्टीम३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स. आतल्या फाइली उडवा, फोल्डर मात्र ठेवा. स्पूलर पुन्हा स्टार्ट करा. वर्डमध्ये लिहीत असाल तर ते पानाच्या मांडणीसाठी डीफॉल्ट प्रिंटरला विचारतं, म्हणून अक्षरंही अडत असावीत.

कोरांटी
वर्डच! ००००२ नावाच्या दोन फाइली होत्या, एक एसपीएल, एक एसएचडी. उडवल्या. स्पूलएसव्ही ० वर आली, मिनिटभरात पंखा शांत. आयडल आता ९६. धुकं, मनापासून आभार. बसते लिहायला.

जुनंखोड
प्रबंध झाला की रॅमचं बघाच.