'इन्क्लुझिव्ह डिझाइन'ला मराठीत काय म्हणावं?

मसुदेकर: मुक्तस्रोत डेस्कटॉपच्या एका मार्गदर्शिकेत 'इन्क्लुझिव्ह डिझाइन'साठी 'सर्वसमावेशक रचना' असं लिहिलं आहे. पुढच्याच ओळीत 'ॲक्सेसिबल' येतं. दोन्हींना एकच शब्द चालेल?

वेलांटी: नाही. ॲक्सेसिबलला 'सुगम्य' रुळलाय. 2015च्या सुगम्य भारत अभियानानंतर तर सरकारी कागदांतही. सुगम्यता हा तयार वस्तूचा गुण आहे, तो मोजता येतो: साध्या आकाराच्या मजकुराचा पार्श्वभूमीशी काँट्रास्ट किमान 4.5:1, मोठ्या अक्षरांना 3:1. 'समावेशक' म्हणजे घडवण्याची रीत, आराखडा होतानाच कोणाकोणाला धरून चाललात ते.

'सर्व' मात्र गाळा. 'सर्वसमावेशक अहवाल' म्हणजे सगळे मुद्दे असलेला अहवाल. वाचणाऱ्याला वाटेल, सगळ्या सोयी ठासून भरलेलं सॉफ्टवेअर!

टॅबकळ: फरक असा दाखवता येईल. पट्टीवर नुसतं कचरापेटीचं चित्र असलेलं बटण आहे. जीटीके 4 या खिडक्या-बटणं बनवायच्या साधनसंचात ते बनवताना त्याला ना लेबल दिलं, ना टूलटिप (माउस नेल्यावर दिसणारी टीप). मग ऑर्का हा स्क्रीनरीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, फक्त 'बटण' म्हणतो. कसलं ते कळत नाही. उपाय सोपा: खिडकीची मांडणी लिहिलेल्या यूआय फाइलमध्ये बटणाच्या ॲक्सेसिबिलिटी विभागात 'हटवा' या अर्थाचं लेबल द्यायचं आणि ते भाषांतरासाठी खुलं ठेवायचं. ही दुसरी पायरी हमखास राहते, आणि मराठी मेनूत एकच बटण इंग्रजी बोलतं. ग्नोम या डेस्कटॉपवर तपासायला माउस बाजूला ठेवा, सुपर+ऑल्ट+एसने ऑर्का सुरू करा आणि टॅबने खिडकीभर फिरा.

ही झाली नंतर केलेली सुगम्यता. समावेशक म्हणावं ते डेबियन या लिनक्स प्रणालीच्या इन्स्टॉलरला: बूट मेनू आला की बीप वाजते, 'एस' आणि एंटर दाबलं की पुढचं सगळं बोलून दाखवतो. दृष्टिहीन माणसाला संगणकावर प्रणाली बसवायलाच दुसऱ्याचे डोळे लागू नयेत, हे तिथे आधीच गृहीत धरलंय.

मसुदेकर: मग बटणात देवनागरी शब्द न मावण्याची अडचणही यात बसते?

वेलांटी: बसते की. 'अन्डू'ची इंग्रजी अक्षरं चार. मराठीत 'पूर्ववत करा'. बटणाची रुंदी पिक्सेलमध्ये बांधली तर 'पूर्वव…' उरतं. उंची बांधली तर 'पू'चा ऊकार तळाशी छाटला जातो, आणि ग्नोममधलं 'लार्ज टेक्स्ट' लावून अक्षरं 1.25 पट केली की आणखीच. मूळ अडचणीचा अपंगत्वाशी संबंध नाही, म्हणून 'सुगम्य' तोकडा पडतो.

टॅबकळ: 'समावेशी' नको, तो हिंदीचा वळसा. 'वैश्विक'ही नको; ग्नोमच्या सेटिंग्जमधलं जुनं 'युनिव्हर्सल ॲक्सेस' हे नावही बदलून 'ॲक्सेसिबिलिटी' झालंय.

'रचना'बद्दल मात्र शंका आहे. खिडकीतल्या मांडणीलाही आपण रचनाच म्हणतो.

वेलांटी: मग शीर्षकात 'समावेशक डिझाइन' ठेवा, वाक्यात क्रियापद आणा, जसं डायलॉग बॉक्सबद्दल: 'हा संवादचौकट-भाग समावेशक पद्धतीने घडवला आहे, तो कीबोर्डवरून सुगम्य आहे.' दोन्ही शब्द आपापल्या जागी.

मसुदेकर: 'संवादचौकट' पुरे, 'भाग' काढतो. बाकी घेतलं.